चर्चागटाचा सर्व्हर: बिल्ड अडतं, ईमेल परततात, पोस्ट कापल्या जातात

प्रश्न: १ जीबी रॅमच्या सर्व्हरवर डिस्कोर्स हे चर्चागटाचं सॉफ्टवेअर टाकतोय. दरवेळी बिल्ड (सॉफ्टवेअर तयार होण्याचं काम) अर्ध्यात बंद पडतं. मोठा सर्व्हर घ्यावा का?

लगेच नको. बिल्डच्या वेळी जावास्क्रिप्टच्या फायली तयार होतात, तेव्हा रोजच्यापेक्षा खूप जास्त मेमरी लागते. ती संपली की लिनक्स एखादी जड प्रोसेस मारून टाकतं. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये त्या वेळेची ‘आउट ऑफ मेमरी’ अशी नोंद सापडली तर कारण हेच. २ जीबीची स्वॅप फाइल (रॅम कमी पडली की डिस्कवरची वापरायची जागा) बनवा, तिची परवानगी ६०० ठेवा (म्हणजे फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल) आणि एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना काय जोडायचं त्या यादीच्या फाइलमध्ये, तिची ओळ घाला. ही ओळ घालायची राहून गेली तर रीबूटनंतर स्वॅप नसतो आणि पुढच्या अपडेटला पुन्हा तेच रडगाणं. मग रीबिल्ड करा. सदस्य वाढणार असतील तर मात्र २ जीबी रॅम घ्याच. रोजचा कारभार स्वॅपवर चालवला की पानं उघडायला वेळ लागतो आणि माणसं यायची थांबतात.

प्रश्न: आमचा गट मेलमॅन ३ या मेलिंग लिस्टच्या सॉफ्टवेअरवर आहे. काही सदस्यांची पत्रं इतरांना पोचतच नाहीत. शिवाय ज्यांनी काहीच केलेलं नाही अशा लोकांची सदस्यताही आपोआप थांबते.

दोन्हींचं मूळ एकच: डीमार्क, म्हणजे पत्र खरंच ‘फ्रॉम’मधल्या डोमेनकडून आलंय का हे तपासायची पद्धत. पत्र पाठवणाऱ्याच्या डोमेनने ‘तपासणीत नापास झालेलं पत्र नाकारा’ असं धोरण लावलेलं असतं. याहूने एप्रिल २०१४ मध्ये ते लावलं, तेव्हा जगभरच्या मेलिंग लिस्ट अशाच अडकल्या होत्या. तुमची लिस्ट विषयाच्या आधी गटाचं नाव जोडते, खाली तळटीप चिकटवते. मजकूर बदलला की मूळ डीकेआयएम सही (पाठवणाऱ्या डोमेनने पत्रावर केलेली डिजिटल सही) तुटते. एसपीएफ तपासणी (या सर्व्हरला त्या डोमेनची पत्रं पाठवायची परवानगी आहे का, ती) तुमच्या सर्व्हरच्या नावाने होते. ‘फ्रॉम’मध्ये मात्र सदस्याचं डोमेन असतं. दोन्हीकडून पत्र नापास.

आता ते पत्र नाकारतो तो घेणाऱ्याचा सर्व्हर, म्हणून बाउन्सची (परत आलेल्या पत्राची) नोंद होते घेणाऱ्याच्या खात्यावर. आकडा मर्यादेपलीकडे गेला की मेलमॅन त्याला पत्रं पाठवणं थांबवतो. बिचाऱ्याने एक अक्षरही लिहिलेलं नसतं.

पोस्टोरियसमध्ये (मेलमॅनच्या वेब पानांवर) लिस्टच्या सेटिंगमधला डीमार्कचा भाग उघडा आणि ‘फ्रॉम’च्या जागी लिस्टचा पत्ता घालण्याचा पर्याय निवडा. नंतर थांबलेल्या सदस्यता हाताने पुन्हा चालू करा, त्या आपोआप सुरू होतील अशी वाट बघू नका. स्वतःच्या डोमेनचीही तपासणी करा: एसपीएफची नोंद एकच हवी (दोन असल्या की तपासणी चुकीची ठरते), लिस्टची स्वतःची डीकेआयएम सही हवी, आणि आयपीची उलटी नोंद (आयपी पत्त्यावरून नाव सांगणारी) मेल सर्व्हरच्या नावाशी जुळायला हवी.

प्रश्न: गटाच्या जुन्या सॉफ्टवेअरला मायएसक्यूएल हा डेटाबेस आहे. मराठी नीट दिसतं, पण इमोजी टाकला की तिथून पुढची पोस्ट गायब!

मायएसक्यूएलमधलं जुनं ‘यूटीएफ८’ (अक्षरं साठवायची पद्धत) एका अक्षराला जास्तीत जास्त ३ बाइट देतं. देवनागरीला ३ बाइट पुरतात, इमोजीला ४ लागतात. कडक मोड (चुकीचा डेटा नाकारणारं सेटिंग) बंद असेल तर डेटाबेस तिथेच मजकूर तोडतो आणि साधी सूचना देऊन पुढे जातो. तुटलेला भाग कधी साठवलाच गेला नव्हता, त्यामुळे तो परत मिळणार नाही. म्हणून हे काम आजच करा.

आधी बॅकअप. मग टेबलं ‘यूटीएफ८एमबी४’ मध्ये बदला, आणि सॉफ्टवेअरच्या डेटाबेस जोडणीतही तेच नाव द्या. हे दुसरं हमखास राहून जातं. वाटेत ‘इंडेक्स फार लांब’ अशी चूक येऊ शकते. जुन्या इनोडीबीत (मायएसक्यूएलची टेबलं साठवणारा भाग) इंडेक्सची, म्हणजे शोधायच्या सूचीची, मर्यादा ७६७ बाइट: २५५ अक्षरं गुणिले ३ म्हणजे ७६५, ती बसतात, गुणिले ४ म्हणजे १०२०, ती बसत नाहीत. इंडेक्स १९१ अक्षरांवर आणा किंवा टेबलाचा रो फॉरमॅट (ओळी साठवायची पद्धत) ‘डायनॅमिक’ करा. मायएसक्यूएल ५.७ पासून तोच मूळचा असतो आणि मर्यादा ३०७२ बाइटपर्यंत जाते.

प्रश्न: रोज डेटाबेसचा बॅकअप त्याच सर्व्हरवर निघतो. पुरेसं आहे?

नाही. डिस्क गेली की डेटाबेस आणि बॅकअप दोन्ही गेले. प्रत दुसऱ्या ठिकाणी पाठवा, सोबत अपलोडचं फोल्डर आणि कॉन्फिगरेशनच्या फायली घ्या. नुसत्या डेटाबेसवरून गट उभा केला तर चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसतात. तीन महिन्यांतून एकदा रिकाम्या सर्व्हरवर सगळं उतरवून बघा. पण त्याआधी त्या सर्व्हरचं बाहेर जाणारं ईमेल बंद करा, नाहीतर सगळ्या सदस्यांना जुन्या सूचना पुन्हा जातील.