खरेदीखताच्या दिवशी व्यवहार अडू नये म्हणून आधी काय तयारी करावी?

पुढच्या महिन्यात खरेदीखत आहे आणि विकणाऱ्याचं त्या घरावर कर्ज चालू आहे, असं तुम्ही लिहिलंय. मग आधी ते कर्जच हाती घ्या. ऐन सहीच्या दिवशी बरेच व्यवहार इथेच रखडतात.

विकणाऱ्याला त्याच्या बँकेकडून कर्जफेडीचं पत्र आणायला सांगा. ॲपवर दिसणारी शिल्लक धरून चालू नका. चालू महिन्याचं व्याज किंवा मुदतपूर्व फेडीचं शुल्क त्यात नसू शकतं. पत्रात फेडीची तारीख, एकूण रक्कम आणि दर दिवसाचं व्याज, तिन्ही हवं. शिल्लक ३० लाख आणि व्याज ९ टक्के असेल, तर दिवसाला साधारण ७४० रुपये वाढतात. सही तीन दिवस पुढे गेली आणि जुन्या आकड्यानेच पैसे भरले, तर दोन हजारांवर कमी पडतात. खातं पूर्ण फिटेपर्यंत बँक बोजा, म्हणजे घरावरची कर्जाची नोंद, उतरवत नाही. म्हणून चार-पाच दिवसांचं व्याज जास्तीचं धरा. ही रक्कम विकणाऱ्याच्या बचत खात्यात नको, थेट कर्जखात्यात जाऊ द्या. घराचे मूळ कागद बँक कधी आणि कोणाच्या हाती देणार, हेही लेखी घ्या.

तुमच्या बाजूच्या पैशांचं म्हणाल, तर एका दिवसात किती रक्कम पाठवता येते हे आठवडाभर आधी बँकेत विचारून मर्यादा वाढवून घ्या. नवीन खातं जोडल्यावर सुरुवातीला कमीच रक्कम जाऊ शकते. आधी थोडे पैसे पाठवून पोचल्याची खात्री करा. आणि आयत्या वेळी 'खाते क्रमांक बदललाय' असा ईमेल आला, तर एक पैसाही पाठवू नका. तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारा, त्या ईमेलमधल्या नंबरवर नाही. अशी फसवणूक नेमकी याच टप्प्यावर होते आणि गेलेले पैसे क्वचितच परत मिळतात.

तुम्हीही कर्ज घेत असाल, तर रक्कम हाती पडेपर्यंत गाडीचं कर्ज नको आणि शक्यतो नोकरीही बदलू नका. रक्कम सोडण्यापूर्वी बँक पुन्हा तपासणी करू शकते.

खरेदीखताचा मसुदा दोन-तीन दिवस आधी मागवा आणि जुन्या खरेदीखताशेजारी ठेवून वाचा. नावांचं स्पेलिंग, क्षेत्रफळ, चतुःसीमा एकेक शब्द ताडून बघा. सहमालक किती आहेत ते मोजा. एखादा येणार नसेल, तर त्याच्या मुखत्यारपत्रात विक्री करण्याचा आणि पैसे स्वीकारण्याचा, असे दोन्ही अधिकार स्पष्ट लिहिलेले हवेत. ते देणारा हयात आहे ना, हेही विचारा. संकोच वाटला तरी विचारा, कारण त्याच्या मृत्यूनंतर साधारणपणे ते पत्र चालत नाही.

घराची शेवटची पाहणी सामान हलल्यानंतर आणि सहीच्या आधी करा. कपाटामागची ओल तेव्हाच दिसते. सगळे नळ एकदम सोडा, पाणी कुठे तुंबतं ते बघा, प्रत्येक बटण दाबा. दोष सापडला तर दुरुस्तीपुरती रक्कम राखून ठेवल्याचं लेखी करा. 'नंतर करून देतो' या तोंडी शब्दावर सही करू नका.

वार निवडता आला तर मंगळवार किंवा बुधवार, तोही सकाळचा. काही अडलं तर बँक आणि नोंदणी कार्यालय दोन्ही उघडी असतात. किल्ल्या घेताना मीटरच्या आकड्यांचे फोटो काढा आणि ताबापावतीवर तारखेबरोबर वेळही घाला. महिनाभराने सरकारी नोंदीत बोजा खरोखर उतरलाय का, ते स्वतः बघा.