डिझायनर कपडे आणि परवडणारे कपडे: बघणाऱ्याला फरक कळतो का?

ऑफिसात काहीजण पाच-सहा हजारांचे डिझायनर शर्ट घालतात आणि तुमचे हजार-बाराशेचे असतात. समोरच्याला ते कळतं का, आणि घरातल्या लग्नासाठी महागडा ब्लेझर घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय.

किंमत कळत नाही. चार हातांवरून बघणाऱ्याला कपडा अंगाला बसलाय का, कापड चकाकतंय का आणि इस्त्री नीट आहे का, एवढंच दिसतं. यातलं काहीही फक्त महाग दुकानात मिळतं असं नाही. लोगो असेल तर मात्र तो सगळ्यांना दिसतो आणि त्याचा परिणामही होतो. नेदरलँड्समधल्या टिलबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एक मुलगी लोकांना सर्वेक्षणासाठी थांबवत होती. तिच्या स्वेटरवर टॉमी हिलफिगरचा लोगो होता तेव्हा 52 टक्के लोक तयार झाले, लोगो नव्हता तेव्हा 13 टक्के. सगळा फरक त्या बोटभर कापडावरच्या नावाने पाडला.

नाव काढून टाकलं की भलेभले गोंधळतात. अमेरिकेतल्या पेलेस या स्वस्त पादत्राणांच्या कंपनीने 2018 मध्ये जाहिरातीसाठी सँटा मोनिकात ‘पलेसी’ अशा इटालियन वाटणाऱ्या नावाने झगमगीत दुकान थाटलं आणि फॅशनवर सल्ले देणाऱ्या मंडळींना बोलावलं. एरवी 20 ते 40 डॉलरना मिळणारे जोडे त्यांनी शेकडो डॉलर मोजून घेतले, एकाने तर 640 डॉलर दिले. पैसे नंतर परत केले गेले. उलट बाजूही आहे. जोना बर्जर आणि मॉर्गन वॉर्ड या संशोधकांनी 2010 मध्ये दाखवलं की लोगो न मिरवणारी खरोखर महाग वस्तू सामान्य माणूस बऱ्याचदा स्वस्तच समजतो. फॅशनचं शिक्षण घेणाऱ्यांना मात्र ती ओळखता येते. थोडक्यात, तुमच्या ऑफिसातल्या त्या सहकाऱ्यांच्या शर्टावर खूण नसेल तर त्यांचे पाच हजारही बहुतेकांना दिसत नाहीत.

ज्यांचे हात रोज कपड्यात असतात त्यांना कळतं: शिंपी, कारखान्यातले तपासनीस, कापडाचे व्यापारी. ते कुठे बघतात हे समजून घेतलं तर स्वस्तातलं चांगलं निवडता येतं, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

शर्टावर पहिली नजर जाते ती चौकटींवर. चेक्सचा शर्ट असेल तर खिशावरच्या रेघा छातीवरच्या रेघांना जुळतात का, बटणपट्टीच्या दोन्ही बाजू एकमेकींना मिळतात का, काखेखालच्या शिवणीवर पुढची आणि मागची आडवी रेघ एका पातळीत येते का, हे बघतात. कारखान्यात कापडाचे अनेक थर एकावर एक अंथरून एकदम कापतात. रेघा जुळवायच्या तर प्रत्येक थर सरळ लावावा लागतो आणि कापडही जास्त लागतं. स्वस्त शर्टात तो खर्च बसत नाही, म्हणून खिसा छातीवर वेगळा चिकटवल्यासारखा दिसतो. यावर सोपा उपाय म्हणजे कमी बजेटमध्ये मोठे चेक्स घेऊच नका. प्लेन किंवा अगदी बारीक रेघेचा शर्ट घेतला तर जुळवण्यासारखं काही उरत नाही आणि हजाराचा शर्ट इथे पाच हजारांच्या बरोबरीला येतो. काळा आणि गडद निळा सुती शर्टही टाळा. काही धुण्यांतच कॉलरच्या आणि कफच्या कडा पांढुरक्या पडतात आणि शर्टाचं वय सगळ्यांना कळतं. पांढरा, आकाशी, फिका राखाडी यांत ते लपतं.

दुसरी नजर टाक्यांवर. इंचपट्टी लावून एका इंचात किती टाके आहेत ते मोजा. चांगल्या शर्टात 18 ते 22 सापडतात, स्वस्तात 10-12. मोठा टाका म्हणजे मशीन भराभर पुढे सरकतं आणि वेळ वाचतो. बाजूची शिवण दोन सुयांच्या मशीनवर एकदम मारली असेल तर धुतल्यावर ती बऱ्याचदा चुण्या धरते, कारण दोरा आणि कापड सारखं आटत नाही आणि दोन्ही ओळी मिळून कापड ओढतात. दुकानात हे दिसत नाही. तिथे एवढंच करा: शिवण दोन्ही हातांत धरून हलकी ताणा. टाक्यांमधून फट दिसली किंवा दोरा कुरकुरला तर तो शर्ट ठेवून द्या.

कॉलर मात्र जवळून बघण्यासारखी गोष्ट आहे. आत घातलेलं कडक कापड बहुतेक शर्टांत उष्णतेने चिकटवलेलं असतं. चिकटवताना तापमान, दाब किंवा वेळ यातलं काही कमी पडलं, किंवा आतलं कापड आधी आटवून घेतलेलं नसलं, तर काही धुण्यांनंतर वरचं कापड सुटतं आणि कॉलरवर फुगे येतात. गरम इस्त्री दाबून फिरवली की ते बसल्यासारखे वाटतात, पण पुढच्या धुण्याला परत येतात. फुगे आलेली कॉलर घालून मीटिंगला जाऊ नये, कारण समोर बसलेल्याची नजर तुमच्या चेहऱ्याखालोखाल तिथेच असते. घेताना कॉलरची दोन्ही टोकं एकावर एक ठेवून लांबी सारखी आहे का बघा, आणि बोटांत धरून वळवल्यावर दोन थर एकमेकांवर सरकत नाहीत ना तेही बघा. सरकले आणि शिवणीखेरीज कुठेच चिकटलेले नसले, तर तो जुन्या पद्धतीचा न चिकटवलेला कॉलर असू शकतो, आणि तो उत्तमच. अर्धवट सुटलेला वाटला तर सोडा.

बटणं हा सर्वांत स्वस्त सुधार. कारखान्यात बटण बऱ्याचदा एकाच दोऱ्याच्या साखळी टाक्याने लावतात. लोंबणारं टोक ओढलं की सगळा टाका उसवतो. म्हणून ते टोक ओढू नका, कात्रीने कापा आणि सुईदोऱ्याने चार टाके घालून गाठ मारा. पातळ प्लास्टिकऐवजी शिंपल्याची बटणं लावून घेतली तर शर्टाचं रूप पालटतं. साध्या शर्टाला ती साधारण 11 मिलिमीटरची लागतात. शिंपल्याचं बटण गालाला लावलं तर गार लागतं, प्लास्टिकचं तेवढं लागत नाही.

कापडाचं म्हणाल तर लेबलवरचा मोठा आकडा बघून भुलू नका. सुताचा नंबर (40, 60, 80, 100) जितका मोठा तितका धागा बारीक. बारीक धागा मऊ असतो, पण तो लांब तंतूच्या कापसाचा आणि दुहेरी पिळाचा नसेल तर टिकत नाही. रोज ऑफिसला घालायला 50-60 नंबरचं घट्ट विणीचं सुती कापड माझ्या मते सर्वांत समजूतदार. असं कापड विणणाऱ्यांत इचलकरंजीचे यंत्रमागही आहेत, आणि ते मीटरवर घेऊन चांगल्या शिंप्याकडून शिवलं तर मापाचा प्रश्नच मिटतो. टी-शर्टात एवढंच बघा: धुतल्यावर बाजूची शिवण पोटाकडे वळली तर सुतातला पीळ नीट बसवलेला नव्हता, आणि ते इस्त्रीने सुधारत नाही.

आता माप, ज्यावर सगळं अवलंबून आहे. नवा सुती शर्ट आधी दोनदा धुवा, मगच अल्टर करायला द्या. तीन टक्के आटला तरी 24 इंची बाही पाऊण इंच कमी होते, आणि आधी कापून घेतली असेल तर ती मनगटाच्या वर जाते. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर यायला हवी. ती खाली लोंबत असेल तर तो शर्ट घेऊच नका, कारण खांदा बदलायचा म्हणजे बाही, मुंढा (बाही जोडतात तो घेर), सगळं उसवावं लागतं. कॉलरचं बटण लावून आत दोन बोटं जायला हवीत. पोटावर दोन्ही बाजू मिळून चार-पाच इंच कापड चिमटीत आलं तर बाजू आत घेऊन चालतात. त्याहून जास्त सैल असेल तर लहान मापच घ्या, नाहीतर मुंढा विचित्र दिसतो. बाही इंच-दीड इंचापेक्षा जास्त आखूड करायची झाली तर कफकडून करू नका. मनगटाजवळची चीर फारच छोटी राहते. बाही खांद्याकडून उसवून घ्यावी लागते. शर्ट मोठा करता येईल या आशेने लहान घेऊ नका. तयार शर्टाच्या शिवणीत माया, म्हणजे आत सोडलेलं जास्तीचं कापड, जवळपास नसतेच. पँटच्या मागच्या शिवणीत मात्र इंच-दीड इंच माया बहुधा सापडते. हे सगळं काहीशे रुपयांत होतं, आणि समोरच्याला जो ‘महागडा’ भास होतो तो बराचसा इथून येतो.

ब्लेझरमध्ये पैसा खरोखर दिसू शकतो, म्हणून तिथे जास्त विचार करा. छातीच्या आत जे कापड असतं ते तीन प्रकारे लावतात: घोड्याच्या केसांचं विणलेलं कॅनव्हास पूर्ण पुढच्या भागाला शिवून, अर्ध्यालाच शिवून, किंवा सगळं चिकटवून. ओळखायचं असेल तर खालच्या काजाच्या जवळ बाहेरचं कापड आणि आतलं अस्तर दोन्ही हातांच्या चिमटीत धरून वेगळं करा. मध्ये तिसरा सुटा थर बोटांना लागला तर कॅनव्हास आहे. अर्ध्या कॅनव्हासमध्ये तो छातीपाशी लागतो, खाली नाही. चिकटवलेला ब्लेझर सुरुवातीला छान दिसतो. ड्रायक्लीनिंगला अनेकदा गेला आणि पावसात भिजला की छातीवर कॉलरसारखेच फुगे येतात. वर्षाला एक-दोन लग्नं असतील तर चिकटवलेला चालतो. दर आठवड्याला घालायचा असेल तर अर्धा कॅनव्हास घ्या.

‘सुपर 120’, ‘सुपर 150’ हे आकडे म्हणजे लोकरीचा तंतू किती बारीक त्याचं माप. सुपर 100 म्हणजे जास्तीत जास्त 18.75 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि पुढे दर दहाला अर्धा मायक्रॉन कमी. तंतू जितका बारीक तितकं कापड लवकर चुरगळतं आणि कोपरांवर झिजतं. मुंबईच्या लोकलमधून जायचं असेल तर सुपर 150 वर पैसे घालवू नका. पॉलिएस्टरचं प्रमाण जास्त असलेलं कापड फोटोच्या फ्लॅशमध्ये चकाकतं, आणि स्वस्तपणा इथेच सगळ्यांच्या नजरेत येतो. दुकानात मोबाइलचा फ्लॅश लावून फोटो काढून बघा. तशीच चकाकी चांगल्या लोकरीवर थेट गरम इस्त्री फिरवल्याने येते. मध्ये ओलसर सुती फडकं ठेवावं.

डिझायनर कपड्यात पैसे वाजवी ठरतात ते हातकामात. शेरवानी किंवा लेहंगा घेताना अस्तर उलटून बघा. हाताच्या जरदोजीला मागे कमीजास्त गाठी आणि टाके दिसतात. मशीनच्या भरतकामात मागे सगळीकडे एकसारखा बॉबिनचा दोरा आणि बऱ्याचदा चिकटवलेला कागद असतो. आपल्याकडे ही नजर सामान्य बायकांनाही असते, फक्त ती पैठणीच्या बाबतीत. लग्नात मावशी-आत्या पदर उलटून बघतात ते उगीच नाही: येवल्या-पैठणच्या हातमागावर जुन्या पद्धतीने विणलेल्या पदरावरचे मोर-मुनिया मागूनही तितकेच स्वच्छ दिसतात, आणि नकली पैठणीला मागे सुटे धागे लोंबतात. त्यांना ते कळतं कारण त्यांनी आयुष्यभर पैठण्या हाताळल्यात. ब्लेझरच्या बाबतीत तुमच्या ऑफिसात तसं कोणी असण्याची शक्यता फार कमी.

म्हणून लग्नासाठी: मध्यम किमतीचा, गडद निळा किंवा कोळशासारखा राखाडी, लोकर जास्त असलेला, अर्ध्या कॅनव्हासचा ब्लेझर घ्या आणि बजेटचा एक हिस्सा अल्टरेशनसाठी बाजूला ठेवा. लग्नाच्या किमान तीन आठवडे आधी घ्या, म्हणजे दोन ट्रायल होतील. ट्रायलला जाताना लग्नात घालणार तोच शर्ट आणि तेच बूट घालून जा. खांदा बसायलाच हवा, तो नंतर दुरुस्त होत नाही. बाही अशी करून घ्या की खाली शर्टाचा कफ अर्धा इंच दिसेल. बाहीची बटणं खरोखर उघडणारी आहेत का, ते बाही आखूड करायला देण्याआधीच तपासा, कारण काजं कापलेली असली की तिथून आखूड करता येत नाही. घरी आल्यावर बाहीवर बाहेरून शिवलेली ब्रँडची कापडी पट्टी उसवून काढा, आणि मागच्या चिरेवरचा फुलीचा टाकाही कापा. तो फक्त वाहतुकीत घडी मोडू नये म्हणून असतो, आणि तो तसाच राहिला तर बसताना मागचं कापड ताणून फुगतं.