वडिलांचा पॅजेट आजार: अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलंय, पुढे काय?

ताई, सिडकोत राहणाऱ्या तुमच्या वडिलांना (वय ६८) हाडांचा पॅजेट आजार निघालाय, नडगी वाकलीय आणि हाताला गरम लागते. रक्तात अल्कलाइन फॉस्फेटेजही वाढलंय, म्हणजे हाडांची घडामोड वाढली की रक्तात वाढणारं एक एन्झाइम. तुम्ही विचारलंय, हा कॅन्सर आहे का, अंगभर पसरेल का, आणि कॅल्शियम वाढवलं तर बरा होईल का. तिन्हींचं उत्तर ‘नाही’. माझ्या सासऱ्यांना हाच आजार आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपलं हाड आयुष्यभर थोडंथोडं मोडतं आणि नव्याने बांधलं जातं. पॅजेटमध्ये ठरावीक हाडांत मोडणाऱ्या पेशी पिसाटतात आणि बांधणाऱ्या पेशी त्यांच्यामागे धावत कसंतरी बांधकाम उरकतात. सिंहस्थाच्या तोंडावर आपल्याकडे रस्ते होतात ना, तसंच. माल भरपूर, पण थर धड बसलेले नाहीत. म्हणून हाड जाड होतं, तरी वाकतं. त्यात रक्तपुरवठा वाढतो, त्यामुळे नडगी गरम लागते. कॅल्शियम कमी पडलंय असा हा प्रकारच नाही.

नेटवर नुसतं ‘पॅजेट’ शोधू नका, स्तनाच्या कॅन्सरची पानं उघडतील. जेम्स पॅजेट या इंग्रज सर्जननेच १८७४ साली तो आणि १८७७ साली हा, असे दोन वेगळे आजार वर्णिले. ब्रिटनमध्ये हाडांचा पॅजेट बराच दिसतो, भारतात क्वचित. त्यामुळे निदानाची खात्री करून घ्या. अल्कलाइन फॉस्फेटेज यकृतातूनही वाढतं, त्यासाठी जीजीटी ही यकृताची रक्ततपासणी बघतात. डी जीवनसत्त्व कमी असलं तरी ते वाढतं, आणि ती कमतरता आपल्याकडे घरोघरी. पुरुषांत या वयात पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणीही करतात, कारण प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरला तर एक्स-रे कधीकधी फसवतो. एकदा बोन स्कॅन झाला की कोणकोणती हाडं धरलीत ते कळतं. जी सुरुवातीला निघतात, सहसा तीच राहतात.

उपचार मात्र सोपा आहे, हाड मोडणाऱ्या पेशींना आवरणारं झोलेड्रोनिक अ‍ॅसिड ५ मिग्रॅ, शिरेतून एकदा. बहुतेकांना त्यावर काही वर्षं निघतात. आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), कॅल्शियम आणि डी तपासा. डी कमी असताना दिलं तर रक्तातलं कॅल्शियम घसरतं, कॅल्शियमच्या गोळ्यांचा उपयोग आहे तो इथे. दात काढायचा असेल तर तोही आधी उरका. सलाइननंतर दोनेक दिवस ताप, अंगदुखी येते, घाबरू नका. सासरे रात्रभर कण्हत होते, तिसऱ्या दिवशी उठून चहा करायला लागले. काही महिन्यांत अल्कलाइन फॉस्फेटेजचा आकडा उतरतो, दुखणं कमी होतं. वाकलेलं हाड सरळ होत नाही. पाय आखूड झाला असेल तर चपलेची टाच उंच करून घ्या, कंबर वाचते.

नडगी जोर लावून चोळून घेऊ नका, हाडवैद्याकडे तर मुळीच नको, हे हाड चटकन मोडतं. दुखणं एकाएकी वाढलं किंवा गाठ आली तर त्याच दिवशी ऑर्थोपेडिककडे जा. फ्रॅक्चर असू शकतं. क्वचित, फारच क्वचित, अशा हाडात कॅन्सर उद्भवतो.

आणि स्कॅनमध्ये कवटीही धरलेली निघाली तर ऐकू येणं कमी होऊ शकतं, म्हणून कानाची ऑडिओमेट्री (ऐकू येण्याची तपासणी) आत्ताच करून घ्या. गेलेलं ऐकू येणं औषधाने परत येत नाही.