कार वाचकांचे प्रश्न : ओव्हरहॉलनंतरचे पहिले किलोमीटर

प्रश्न : प्रीमियर पद्मिनीचे बोअरिंग करून पिस्टन, रिंगा, कॅमशाफ्ट, टॅपेट सगळे नवे टाकले. फिटर सांगतो, दिवसभर जागेवर स्लोवर चालू ठेवा, मग हजार किलोमीटर चाळीसच्या पुढे जाऊ नका. तसे करावे का? (होटगी रोड, सोलापूर)

उत्तर : करू नका. या इंजिनाचा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) ब्लॉकमध्ये असतो आणि त्याच्या उंचवट्यांना बरेचसे तेल क्रँकने उडवलेलेच मिळते. स्लोवर, म्हणजे रेस न देता, ते पुरेसे उडत नाही. नवा कॅम पहिल्या काही मिनिटांतच खराब होतो. आधी प्लग काढून ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल्फ मारा, मात्र सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त नको. टायमिंग (प्लगची ठिणगी पडण्याची वेळ) लावून ठेवा, कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल भरा. इंजिन धरले की लगेच रेस 1500 ते 2500 आरपीएममध्ये कमी-जास्त करत वीस मिनिटे चालवा. तापमानाचा काटा चढला किंवा ऑइलचा दिवा लागला, तर ताबडतोब बंद.

रिंगांचे गणित वेगळे. त्यांना बोअरवर दाबतो तो ज्वलनाचा वायू, आणि तो दाब भाराशिवाय येत नाही. नुसती हळू चालवलेली गाडी बोअरला काचेसारखी चकाकी आणते, मग रिंगा बसतच नाहीत आणि ऑइल कायम जळत राहते. इंजिन गरम झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये तीसवरून साठपर्यंत जोमाने न्या, पाय काढा, गाडी आपोआप तीसवर येऊ द्या. असे दहा-बारा वेळा. अक्कलकोट रोडसारख्या सपाट रस्त्यावर एकाच वेगात तासभर जाऊ नका. तुळजापूरचा घाट चालेल, पण टॉपमध्ये रडवत नको. वेळेवर गिअर उतरवा.

ऑइल साधे मिनरल, 20डब्ल्यू-50. सिंथेटिक आत्ता नको. 500 किलोमीटरला बदला. त्याच वेळी थंड इंजिनावर हेडचे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा आणि टॅपेटचा (व्हॉल्व्हचा) गॅप त्यानंतरच लावा, कारण हेडचे गॅस्केट दबले की तो कमी होतो.

प्रश्न : ओव्हरहॉलनंतर भर उन्हात सिग्नलला गाडी बंद पडते, अर्ध्या तासाने सुरू होते. (बार्शी)

उत्तर : काटा लाल पट्ट्यात जात असेल तर टायमिंग मागे आहे का बघा आणि रेडिएटरमधली हवा काढा. काटा ठीक असेल तर पेट्रोलची वाफ पंपात अडकते आहे. बंद पडल्यावर पंपावर आणि पाइपवर ओले फडके ठेवा. पाच मिनिटांत सुरू झाली, तर निदान पक्के. पंप आणि ब्लॉकमधला जाड इन्सुलेटर जुळणी करताना राहून जातो, तो आधी शोधा. पाइप सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून (इंजिनातला तापलेला धूर बाहेर नेणाऱ्या भागापासून) लांब बांधा. आता मिळणाऱ्या ई20 (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलने जुने रबर खराब होते, म्हणून पंपाचा डायफ्राम आणि होज इथेनॉल सोसणारेच घ्या.

प्रश्न : ॲक्सिलरेटर दाबताच कार्बोरेटरमधून फटफट. (जुळे सोलापूर)

उत्तर : मिक्श्चर पातळ होते आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे. एअर क्लीनर काढा आणि इंजिन बंद ठेवून थ्रॉटल हलवा. जेटमधून पेट्रोलची सरळ धार यायला हवी. नसेल तर ॲक्सिलरेटर पंप गेला. धार असेल तर कार्बोरेटरच्या बुडाचे गॅस्केट हवा घेत असेल. इंजिन स्लोवर ठेवून जोडावर साबणाचे पाणी फवारा, आवाज बदलला की जागा सापडली. पेट्रोल शिंपडून बघणारे महाभाग आहेत. खाली तापलेला मॅनिफोल्ड असतो.