जेडचा लोलक आणि चिनी विद्वान

वटवाघूळ आणि पीच कोरलेला हिरवा जेडचा लोलक चिनी विद्वान सद्गुणांची खूण म्हणून वापरत असत काय, असे आपण विचारले आहे. ही नक्षी सुखसमृद्धी आणि दीर्घायुष्याची असून ती घरोघरी आवडीची होती. विद्वानांना मोह होता तो मुख्यतः दगडाच्या गुणांचा.

हान राजवटीत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झालेल्या 'लीजी' या विधी आणि शिष्टाचारांच्या ग्रंथात एक संवाद आहे. सज्जन जेडला मान देतात ते दुर्मिळ म्हणून काय, असे शिष्य त्झकोंग विचारतो, तेव्हा त्याचा गुरू कन्फ्यूशियस नकार देऊन एकेक गुण सांगतो: कडा असूनही ते कापत नाही, ही न्यायबुद्धी, त्यातला डाग सौंदर्याला झाकत नाही आणि सौंदर्य डागाला, ही निष्ठा, ठोकल्यावर निघणारा स्वच्छ, लांबणारा नाद शेवटी एकदम थांबतो, हे संगीत. याच ग्रंथानुसार सज्जनाने शोककाळ वगळता कमरपट्ट्याला जेड लावावे आणि चालताना त्याचा नाद होत राहावा, म्हणजे मनात वाईट विचार शिरत नाहीत. दागिना कानाने पारखण्याची ही कल्पना मला नक्षीच्या साऱ्या अर्थांपेक्षा मोलाची वाटते.

दागिन्याने मूकपणे बोलताही येई. इ.स.पू. २०६ मधील होंगमेनच्या मेजवानीत सल्लागार फान त्झेंगने 'ज्वे', म्हणजे एका जागी खाच असलेले जेडचे कडे, तीनदा उचलून आपला सेनापती श्यांग यू याला, पाहुणा म्हणून आलेल्या ल्यू बांगला मारण्याचा निर्णय आता घ्या, असे सुचवले ('निर्णय' या अर्थाच्या चिनी शब्दाचा उच्चारही 'ज्वे' असाच आहे). श्यांग यूने दुर्लक्ष केले आणि हा प्रतिस्पर्धी निसटला.

रंगाबद्दलही सांगायला हवे. जेड या नावाखाली नेफ्राइट आणि जेडाइट अशी दोन वेगळी खनिजे येतात. विद्वानांचे जेड म्हणजे प्रामुख्याने आजच्या पश्चिम चीनमधील खोतानच्या नद्यांत मिळणारे नेफ्राइट, आणि त्यातही मेंढीच्या चरबीसारखे स्निग्ध पांढरे सर्वांत श्रेष्ठ. म्यानमारचे झगझगीत हिरवे जेडाइट चीनमध्ये मोठ्या प्रमाणावर आले ते अठराव्या शतकापासून. नेफ्राइट छिन्नीने कोरले जात नाही. ओल्या, कठीण वाळूने ते दिवसेंदिवस घासून आकाराला आणावे लागे.

चीनमधील सूचौ शहराचा सोळाव्या शतकातील कारागीर लू त्झकांग याचे नाव कोरलेल्या जेडच्या पट्ट्या बाजारात दिसतात. एका बाजूला चित्र आणि दुसरीकडे कविता अशी त्यांची धाटणी असते. त्या नावाच्या नकला पुढे इतक्या झाल्या की, निव्वळ सहीवर विसंबणे भाबडेपणाचे ठरेल. आपला लोलक जेडाइटचा निघाल्यास तो 'कन्फ्यूशियसच्या काळचा' म्हणणाऱ्या विक्रेत्याशी वाद न घालता सरळ निघून यावे.