'वरचा टप्पा' आडवा असतो तेव्हा

प्रश्न असा: १९८० च्या दशकात नासाने सेंटॉर हे क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रव इंधनावर चालणारे, रॉकेट स्पेस शटलच्या पोटातून नेण्याची तयारी केली होती. त्यावरच्या लेखाचा अनुवाद करताना 'अपर स्टेज'ला 'वरचा टप्पा' म्हणावे का? शटलच्या मालकक्षात तर ते आडवे असणार.

म्हणावे, खुशाल म्हणावे. मुलगी पाचवीतून सहावीत गेली की ती 'वरच्या वर्गात गेली' असे आपण म्हणतो, सहावीचा वर्ग तळमजल्यावर भरत असला तरी. तिथे 'वरचा' म्हणजे क्रमाने पुढचा. अ‍ॅटलास रॉकेटवर सेंटॉर खरोखरच वर, उभा असे, नाव तिथले. शटलमधून जातानाही त्याचे काम तेच राहते: कक्षेपर्यंत दुसऱ्याने आणायचे, पुढे गुरूकडे यान याने धाडायचे.

'टप्पा' तर अगदी चपखल. एसटीचे भाडे टप्प्यांवर ठरते, एक टप्पा सहा किलोमीटरचा. म्हणजे वाटेचा तुकडा. रॉकेटचा जो भाग वाटेचा असा एक तुकडा पार करून देतो, तो टप्पा. हिंदीतला 'चरण' इथे आणू नये. मराठीत चरण देवाचे, नाहीतर कवितेचे.

'अडॅप्ट' साठी मी 'बेतणे' वापरीन. मालकक्षाची रुंदी सुमारे ४.६ मीटर, म्हणून सेंटॉरची हायड्रोजनची टाकी ३ मीटरवरून ४.३ मीटरपर्यंत रुंद केली. हे शिंप्याचेच काम, मापाला बेतणे.

'क्रायोजेनिक इंधना'साठी 'गोठवलेले इंधन' मात्र कटाक्षाने टाळा. हायड्रोजन उणे २५३ अंश सेल्सिअसला असला तरी तो द्रवच असतो. शटलला अर्ध्यातून परतावे लागले तर उतरण्याआधी हे इंधन नळ्यांतून बाहेर सोडून देण्याची सोय करावी लागली होती. गोठलेले असते तर ते नळीतून वाहिले असते का? 'अतिथंड द्रव इंधन' लिहा.

आणि क्रियापदाचा काळ सांभाळा. "सेंटॉर पाळण्यासकट (मालकक्षात त्याला धरून ठेवणाऱ्या चौकटीसकट) ४५ अंशांत उचलून स्प्रिंगांनी बाहेर ढकलत" असे लिहू नका. "ढकलायचा होता" लिहा. जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजर या शटलची दुर्घटना झाली, जूनमध्ये हा बेत रद्द झाला. शटलमधून सेंटॉर एकदाही उडाला नाही.