वाचकांचे प्रश्न : स्पॉटिंग स्कोपसाठी ट्रायपॉड कोणता घ्यावा?

प्रश्न : मी रिकर्व्ह धनुष्याने ७० मीटरवर सराव करतो. बाण कोठे लागला हे जागेवरूनच कळावे म्हणून २० ते ६० पट वर्धनाचा आणि ६० मिलिमीटर भिंगाचा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने पाहायची दुर्बीण, घेतला व तो घरात पडून असलेल्या कॅमेऱ्याच्या हलक्या ट्रायपॉडवर बसवला. टार्गेट मधोमध आणून स्क्रू आवळला तरी हात काढताच ते जागेवरून सरकते आणि जरासा वारा सुटला की चित्र इतके थरथरते की बाण लाल पट्ट्यात आहे की निळ्या, हेही सांगता येत नाही. नवा ट्रायपॉड घेताना काय पाहावे? कार्बन फायबरवर खर्च करणे योग्य ठरेल का?

उत्तर : आपल्या दोन्ही तक्रारींची मुळे वेगवेगळी आहेत. टार्गेट सरकते ते ट्रायपॉडच्या हेडमुळे, म्हणजे स्कोप ज्यावर बसतो व वळतो त्या वरच्या भागामुळे, आणि चित्र थरथरते ते मुख्यतः पायांमुळे. खरेदीच्या वेळी बहुतेकांचे लक्ष पायांवर आणि ते कशाचे बनले आहेत यावर असते. आमच्या मते तिरंदाजाने आधी हेड निवडावे आणि उरलेल्या पैशांत पाय बसवावेत.

याचे कारण साध्या हिशेबात आहे. ७० मीटरवर १ अंशाचा कोन सुमारे १२२ सेंटीमीटर अंतर व्यापतो आणि त्या अंतरावरच्या टार्गेटचा व्यासही १२२ सेंटीमीटरच असतो. म्हणजे स्क्रू आवळल्यानंतर स्कोपचे पुढचे तोंड केवळ अर्ध्या अंशाने झुकले, तरी पिवळ्या मध्यावर रोखलेली नजर थेट टार्गेटच्या खालच्या कडेवर जाते. २० पट वर्धनावर दृष्टिक्षेत्र मोठे असल्याने टार्गेट निदान दिसत तरी राहते, पण वर्धन वाढवत नेले की ते क्षेत्र आकसते आणि तेवढ्याच झुकण्याने शोधाशोध करावी लागते. तसेही ६० पटींची गरज नसते. सुमारे ६ मिलिमीटर जाडीचा बाण ७० मीटरवर ओळखण्यास २० ते ३० पट वर्धन पुरते. त्यापुढे बाण जसा मोठा दिसतो तशीच थरथरही मोठी दिसते.

छायाचित्रकारांना प्रिय असलेला बॉल हेड, म्हणजे गोळ्यावर फिरणारा हेड, या कामासाठी आम्ही सुचवणार नाही. त्याचा स्क्रू सैल केला की स्कोप एकाच वेळी सर्व दिशांना कलतो, आणि डाव्या हातात धनुष्य असताना एकट्या उजव्या हाताने तो सावरणे त्रासाचे होते. तिरंदाजाचे टार्गेट ठरलेले असते. त्याला स्कोप फक्त डावीकडे-उजवीकडे आणि वर-खाली हलवायचा असतो. त्यामुळे या दोनच हालचाली देणारा, शक्यतो द्रवरोधाचा म्हणजे ‘फ्लुइड’ प्रकारचा लहान व्हिडिओ हेड उत्तम. त्याचा रोध योग्य जुळवला तर स्कोप जेथे सोडावा तेथेच थांबतो आणि प्रत्येक वेळी स्क्रू आवळावा लागत नाही. मात्र त्याची लांब दांडी धनुष्याला किंवा पोटाला अडकते, म्हणून ती काढता येणारी किंवा दुसऱ्या बाजूला वळवता येणारी असावी. स्कोपच्या बुडाशी बसणारी पट्टी लांब असावी. आर्का-स्विस पद्धतीची, म्हणजे हेडच्या खाचेत सरकणारी पट्टी मागे-पुढे सरकवून स्कोपचा तोल साधता येतो, आणि तोल साधला की झुकण्याची निम्मी तक्रार संपते. स्कोप एकाच स्क्रूवर बसत असल्याने तो आडवा फिरू नये यासाठी पट्टीवर छोटी खुंटी असल्यास अधिक चांगले.

आता पायांकडे वळू. वर्ल्ड आर्चरी या तिरंदाजीच्या जागतिक संघटनेच्या नियमांनुसार स्कोपचा सर्वांत वरचा भाग खेळाडूच्या काखेपेक्षा उंच असता कामा नये. त्यामुळे डोळ्यापर्यंत पोहोचणारा उंच ट्रायपॉड घेऊन उपयोग नाही. मान किंचित वाकवून पाहावे लागणारच, आणि म्हणूनच ४५ अंशांत वळलेली आयपीस (डोळा लावायचे भिंग) सरळ आयपीसपेक्षा सोयीची पडते. मधला दांडा न उचलता, केवळ पायांच्या लांबीवर स्कोप छातीच्या उंचीपर्यंत जावा, ही अट मात्र सोडू नका. दांडा वर उचलला की तीन पायांचा आधार एका काठीवर येतो, आणि आपल्याकडे जी थरथर दिसते ती बहुधा तेथूनच सुरू होत असावी. चारऐवजी तीन भागांचे पाय घ्यावेत, कारण सर्वांत खालचा भाग तुलनेने जाड राहतो आणि सांधेही कमी होतात.

पायांचा पसारा हा दुर्लक्षित, पण स्पर्धेत हमखास नडणारा मुद्दा आहे. शूटिंग लाइनवर, म्हणजे बाण सोडण्यासाठी उभे राहायच्या रेषेवर, प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला किमान ८० सेंटीमीटर जागा असते. उजव्या हाताचे सर्व खेळाडू एकाच दिशेला तोंड करून उभे राहतात. म्हणजे आपला स्कोप आपल्या छातीसमोर आणि पुढच्या खेळाडूच्या पाठीमागे येतो. नेहमीच्या कोनात, म्हणजे उभ्या रेषेपासून २० ते २५ अंशांत उघडलेला ट्रायपॉड छातीच्या उंचीवर जमिनीवर दोन पायांमध्ये सुमारे ७० ते ९० सेंटीमीटर अंतर घेतो. हे जवळजवळ आपल्या संपूर्ण वाट्याइतके झाले. त्यामुळे ज्याचे पाय कमी कोनातही पक्के अडकवता येतात असा ट्रायपॉड पाहावा. पाय आवळून घेतले की स्थैर्य कमी होते. ते मधल्या हुकाला पिशवी अडकवून भरून काढावे. पिशवी हवेत लोंबकळत ठेवू नये, तिचे बूड जमिनीला टेकलेले असावे, नाहीतर वाऱ्यात तीच झोके घेऊन ट्रायपॉड हलवते.

कार्बन फायबर हलके असते आणि त्यातील कंपने लवकर विरतात, हे खरे आहे. पण एकदा लाइनवर मांडला की ट्रायपॉड दिवसभर फारसा उचलावा लागत नाही, आणि अशा ठिकाणी थोडे वजन उपयोगीच पडते. बारीक पायांच्या कार्बन ट्रायपॉडपेक्षा जाड पायांचा ॲल्युमिनियमचा ट्रायपॉड आम्ही केव्हाही पसंत करू. घेण्यापूर्वी आपला स्कोप सोबत न्या, तो छातीच्या उंचीवर बसवून दूरच्या एखाद्या बारीक खुणेवर रोखा, स्क्रू आवळून हात काढा आणि खूण हलते का ते पाहा. मग एका पायाला बोटाने टिचकी मारा. चित्र एक-दोन सेकंदांत स्थिर झाले तर ट्रायपॉड कामाचा आहे.

प्रश्न : जमिनीत रोवायचा एकच दांडा वापरला तर चालेल का?

उत्तर : गवताळ, मऊ मैदानावर चालेल, आणि जागेच्या दृष्टीने त्याच्याइतकी सोय दुसरी नाही. दांड्याला खाली एकच टोक असेल तर तो स्वतःभोवती फिरतो, म्हणून पायाने दाबता येईल अशी दुसरी खुंटी असलेला दांडा घ्यावा. कडक जमिनीवर आणि बंदिस्त सभागृहात तो निरुपयोगी आहे; अर्थात सभागृहातील १८ मीटरसाठी लहान दुर्बीणही पुरते.

प्रश्न : मी डावखुरी आहे. लाइनवर शेजारच्या खेळाडूच्या आणि माझ्या ट्रायपॉडचे पाय नेहमी एकमेकांत अडकतात. काय करावे?

उत्तर : आपण आणि उजव्या हाताचा शेजारी समोरासमोर उभे राहत असल्याने दोघांचे स्कोप एकाच फटीत येतात. ट्रायपॉडचा एक पाय टार्गेटच्या दिशेने आणि दोन पाय मागे ठेवल्यास, आणि शेजाऱ्यानेही तसेच केल्यास, पाय समांतर बसवता येतात. सराव सुरू होण्यापूर्वीच हे त्यांच्याशी बोलून घ्यावे. आपल्या स्कोपच्या नळीभोवती फिरती कडी असेल तर ती सैल करून आयपीस आपल्या बाजूला कलती करा. मग स्कोप थोडा दूर राहिला तरी पावले न हलवता त्यातून पाहता येईल.